हृद्‌रोहिणी-संकोचाचे मापन

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्यांना हृद्‌रोहिण्या म्हणतात. ॲथेरोस्क्लेरोसिस म्हणजे रोहिणीविलेपी विकार झाला असता या रोहिण्यांच्या अंतःस्तरात मेद, तंतुमय ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचा समूह) आणि कॅल्शियम यांचे थर साचतात. या थरांना विलेप अशी संज्ञा आहे. विलेप वाढला की, रोहिणीची अवकाशिका (रक्त वाहण्याची पोकळी) अरुंद होते. मृत्यूनंतर शवपरीक्षेत हा संकोच किती झाला होता हे ठरविणे, हे विकृतिवैज्ञानिकाचे एक नित्याचे पण जबाबदारीचे काम आहे. आकस्मिक मृत्यूचे कारण सांगताना त्याचा आधार घेतला जातो. तसेच जिवंत रुग्णाच्या क्ष-किरण चित्रांचा अर्थ बरोबर लावला जातो की नाही, याची पडताळणीही अखेर याच मापनावरून करण्यात आली. संकोच नेहमी टक्क्यांत सांगितला जातो. मात्र टक्केवारी म्हटली की, ती कशाच्या मानाने काढली हा प्रश्न येतोच. या मापनाचा दोन शतकांचा इतिहास म्हणजे बव्हंशी याच प्रश्नाच्या उत्तराचा शोध होय.

सुरी व स्पर्श यांचा काळ : इंग्रज वैद्य विल्यम हेबरडेन (१७१०–१८०१) यांनी हृद्‌शूलाचे वर्णन १७६८ मध्ये लंडनच्या वैद्यसभेत वाचले व ते १७७२ मध्ये प्रसिद्ध झाले. या विकाराचे मूळ शरीरात कोठे आहे, हे त्यात सांगितलेले नव्हते. देवीच्या लशीमुळे पुढे जगप्रसिद्ध झालेले एडवर्ड जेन्नर (१७४९–१८२३) हृद्‌शूलाने मृत्यू पावलेल्या एका रुग्णाची शवपरीक्षा करीत असता त्यांची सुरी एका कठीण, खरखरीत पदार्थावर अडली. छत जुने व मोडकळीस आलेले असल्याने वरून गिलाव्याचा तुकडा पडला असावा, असे वाटून त्यांनी वर पाहिले. परंतु अधिक तपास करता हृद्‌रोहिण्याच अस्थीप्रमाणे कठीण झाल्याचे आढळले. या काळात जेन्नर यांचे गुरू व ख्यातनाम शस्त्रक्रियातज्ञ जॉन हंटर (१७२८–९३) यांनाही हृद्‌शूलाचे झटके येत असत. आपल्या निष्कर्षाचा गुरूंच्या मनावर परिणाम होईल, या भीतीने जेन्नर यांनी त्याची वाच्यता केली नाही. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयातील एका बैठकीत वाद होऊन हंटर यांचा मृत्यू झाला. शवपरीक्षेत त्यांच्या हृद्‌रोहिण्या कठीण झालेल्या आढळल्या. जेन्नर यांची ही हकिकत त्यांचे मित्र केलेब पॅरी यांनी १७९९ मध्ये आपल्या ग्रंथात समाविष्ट केली.

या काळात रोहिणी ‘कठीण’ किंवा ‘अस्थिरूप’ एवढेच नोंदविले जाई. ती किती अरुंद झाली हे सांगण्याचे साधन नव्हते व तशी गरजही भासत नव्हती. जर्मन विकृतिवैज्ञानिक फेलिक्स मार्शां (१८४६–१९२८) यांनी १९०४ मध्ये ‘ॲथेरोस्क्लेरोसिस’ ही संज्ञा रूढ केली आणि अमेरिकन वैद्य जेम्स हेरिक यांनी १९१२ मध्ये हृद्‌रोहिणीत रक्ताची गाठ अडकूनही रुग्ण काही काळ जगू शकतो, हे दाखवून दिले. त्यानंतर संकोच, गाठ आणि लक्षणे यांच्यातील संबंध नेमका काय, हा प्रश्न पुढे आला आणि मापनाची निकड निर्माण झाली.

अंतःक्षेपण व क्ष-किरण चित्रण : बॉस्टन येथील मन्रो श्लेसिंगर यांनी १९३८ मध्ये हृद्‌रोहिण्यांत शिशाची संयुगे मिसळलेला रंगीत आगर भरून, हृदय उलगडून सपाट करून त्याचे क्ष-किरण चित्र घेण्याची व नंतर वाहिन्या उघडून पाहण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यामुळे सर्व शाखा एकाच प्रतलात दिसू लागल्या आणि अरुंद झालेल्या रोहिणीभोवती तयार होणाऱ्या पर्यायी वाहिन्यांचे जाळेही लक्षात आले. एक मोठा संकोच असूनही एखाद्या माणसाला आयुष्यभर त्रास का झाला नसावा, याचे उत्तर काही अंशी त्यात मिळाले.

संकोच हा केवळ वार्धक्याचा भाग नव्हे, हेही शवपरीक्षांनीच दाखविले. विल्यम इनॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोरियातील युद्धात मृत्यू पावलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची हृदये तपासून १९५३ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. या तरुणांचे सरासरी वय सु. २२ वर्षे होते. तरीही ७७·३% जणांच्या हृद्‌रोहिण्यांत डोळ्यांना दिसण्याइतका विकार होता. यानंतर ‘विकार आहे की नाही’ या प्रश्नाला फारसा अर्थ उरला नाही. ‘किती आहे’ हाच खरा प्रश्न ठरला.

सूक्ष्मदर्शकीय छेद : उघड्या डोळ्यांनी पाहताना रोहिणीची भित्ती कोठे संपते व विलेप कोठे सुरू होतो, हे निश्चित सांगता येत नाही. रोहिणीचे आडवे छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास मात्र एक नैसर्गिक सीमारेषा उपलब्ध होते. अंतःस्तर आणि स्नायुमय मध्यस्तर यांच्यामध्ये स्थितिस्थापक तंतूंचे एक पातळ, नागमोडी पटल असते. कार्ल व्हायगर्ट यांनी १८९८ मध्ये व फ्रेडरिक व्हरहॉफ यांनी १९०८ मध्ये शोधलेल्या अभिरंजन पद्धतींनी हे अंतर्गत स्थितिस्थापक पटल गडद काळसर रेषेसारखे उठून दिसते. विलेप अंतःस्तरात म्हणजे या रेषेच्या आत वाढतो. म्हणून रेषेने वेढलेले क्षेत्रफळ म्हणजे विकार नसता तर असलेली पोकळी आणि आतील मोकळी जागा म्हणजे प्रत्यक्ष उरलेली पोकळी, असे गृहीत धरण्यात आले. दोहोंतील फरकाला पटलाने वेढलेल्या क्षेत्रफळाने भागून शंभराने गुणले की, संकोचाची टक्केवारी मिळते. उदा., पटलाने वेढलेले क्षेत्रफळ १० चौ. मिमी. व मोकळी जागा ४ चौ. मिमी. असेल, तर संकोच ६०% होय.

या पद्धतीचा सर्वांत विस्तृत वापर अमेरिकेतील बेथेझ्डा येथे विल्यम रॉबर्ट्‌स यांनी केला. चारही प्रमुख हृद्‌रोहिण्या संपूर्ण लांबीभर घेऊन त्यांचे दर ५ मिमी.वर तुकडे करावयाचे, प्रत्येकाचा छेद तपासावयाचा आणि तो ०–२५, २६–५०, ५१–७५ व ७६–१०० टक्के या चार गटांपैकी एकात घालावयाचा, असा हा परिपाठ होता. त्यामुळे प्राणघातक विकारात संकोच एखाद्याच ठिकाणी नसून बहुधा रोहिणीच्या बऱ्याच लांबीवर पसरलेला असतो, हे स्पष्ट झाले. मात्र गट ठरविणे नजरेच्या अंदाजावर अवलंबून होते. ७४% व ७७% यांत वास्तविक भेद अत्यल्प असला, तरी ते दोन वेगळ्या गटांत पडत आणि दोन परीक्षकांचे एकाच छेदाबद्दल एकमत होईलच, याची खात्री नसे.

प्रतिमा विश्लेषण : नजरेच्या अंदाजाऐवजी प्रत्यक्ष मोजमाप करण्याची साधने इतर शास्त्रांकडून आली. स्विस गणितज्ञ याकोप आम्सलर यांनी १८५४ मध्ये शोधलेला क्षेत्रफळमापक (प्लॅनिमीटर) नकाशांसाठी वापरला जात असे. छेदाच्या मोठ्या केलेल्या छायाचित्रावर तोच फिरवून क्षेत्रफळ काढता येई. फ्रेंच भूवैज्ञानिक आशील दलेस यांनी १८४७ मध्ये खडकांसंबंधी असे दाखविले होते की, छेदात एखाद्या खनिजाने व्यापलेल्या क्षेत्रफळाचे प्रमाण हे खडकातील त्याच्या घनफळाच्या प्रमाणाइतके असते. जीवशास्त्रातही हे तत्त्व उपयोगी पडले. छेदांवरून घनस्वरूपाची मापे काढण्याच्या या शास्त्राला स्टिरिऑलॉजी हे नाव मिळून १९६१ मध्ये त्याची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली.

इंग्लंडमध्ये १९६३ साली ‘क्वांटिमेट’ हे दूरचित्रवाणी कॅमेऱ्यावर आधारलेले प्रतिमा विश्लेषक उपकरण विक्रीस आले. सुरुवातीस ते मुख्यतः धातूंच्या सूक्ष्मरचनेच्या अभ्यासासाठी होते. अशा उपकरणात सूक्ष्मदर्शकातील प्रतिमा अनेक लहान बिंदूंत विभागली जाते, प्रत्येक बिंदूच्या करडेपणाला अंक दिला जातो आणि ठरावीक मर्यादेहून गडद किंवा फिकट बिंदू मोजून क्षेत्रफळ काढले जाते. एका बिंदूची प्रत्यक्ष लांबी किती, हे काचेवर कोरलेल्या सूक्ष्म मोजपट्टीच्या साहाय्याने आधी निश्चित करावे लागते. रोहिणीच्या बाबतीत निव्वळ करडेपणावर विसंबता येत नाही. कारण पटल कित्येकदा तुटलेले असते, अवकाशिकेत मृत्यूनंतर गोठलेले रक्त असते आणि कॅल्शियममुळे छेद फाटलेला असतो. म्हणून परीक्षक स्वतः सीमारेषा आखतो आणि मोजणी यंत्र करते. अमेरिकेत वेन रॅसबंड यांनी तयार केलेले ‘एनआयएच इमेज’ (१९८७) व त्यानंतरचे ‘इमेजजे’ (१९९७) हे संगणक कार्यक्रम विनामूल्य असल्याने हे काम साध्या संगणकावर होऊ लागले व महागड्या उपकरणाची आवश्यकता उरली नाही.

मापनातील दोष : मोजणी अचूक झाल्यावर, जे मोजले जाते तेच कितपत विश्वसनीय आहे, याकडे लक्ष वेधले गेले. जिवंतपणी रोहिणी रक्तदाबामुळे ताणलेली असते. मृत्यूनंतर दाब नाहीसा होऊन ती मिटते व पटलाला वळ्या पडतात. अशा रोहिणीत निरोगी पोकळीसुद्धा फटीसारखी दिसते व संकोच वाजवीपेक्षा जास्त वाटतो. यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे पाऱ्याच्या सु. १०० मिमी. दाबाखाली रोहिणीत फॉर्मालीन सोडून ती फुगलेल्या स्थितीत स्थिर करणे. दुसरा गणिती उपाय म्हणजे नागमोडी पटलाची लांबी मोजून, तेवढाच परिघ असलेल्या वर्तुळाचे क्षेत्रफळ घेणे. उदा., पटलाची लांबी ११·२ मिमी. भरल्यास ताणलेल्या स्थितीतील क्षेत्रफळ सु. १० चौ. मिमी. येते, मग छेद काचेवर कितीही चपटा दिसो. पोकळीचे क्षेत्रफळही मग छेदावरून थेट न घेता, या क्षेत्रफळातून विलेपाचे क्षेत्रफळ वजा करून काढले जाते.

दुसरा दोष ऊतक मेणात बसविताना होणाऱ्या आकुंचनाचा आहे. सर्व लांब्या सारख्याच १०% घटल्या, तर क्षेत्रफळ १९% घटते. परंतु गुणोत्तर बदलत नाही. मात्र विकारग्रस्त व निरोगी रोहिण्यांवर या प्रक्रियांचा परिणाम सारखा होत नाही, असे रॉबर्ट सीगल व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखविले. त्यामुळे मापनाबरोबर रोहिणी कशी स्थिर केली, हे नमूद करणे आवश्यक ठरले.

जिवंत रुग्णाच्या चित्रणाशी तुलना : अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे मेसन सोन्स यांनी १९५८ मध्ये हृद्‌रोहिणीत थेट रंजकद्रव्य सोडून तिचे चलत्‌चित्रण केले आणि संकोचाचे मापन शवागारातून रुग्णाकडे आले. चित्रणात अरुंद भागाच्या व्यासाची तुलना शेजारच्या निरोगी दिसणाऱ्या भागाशी केली जाते. येथे दोन परिमाणांचा गोंधळ होतो. व्यास ५०% कमी झाला, तर वर्तुळाचे क्षेत्रफळ ७५% कमी होते. व्यास ७०% घटला, तर क्षेत्रफळ ९१% घटते. चित्रण करणाऱ्याचे ‘५०%’ व विकृतिवैज्ञानिकाचे ‘७५%’ हे एकाच रोहिणीचे वर्णन असू शकते. हा हिशेब जुळविल्यावरही तफावत उरली. झीव्ह व्ह्लोडाव्हर, जेसी एडवर्ड्‌स व सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये आणि रॉबर्ट्‌स यांच्या गटाने १९७९ मध्ये मृत्यूपूर्वीची चित्रे व मृत्यूनंतरचे छेद यांची तुलना केली, तेव्हा चित्रणात संकोच अनेकदा कमी लेखला गेल्याचे आढळले. शेजारचा ‘निरोगी’ भागही प्रत्यक्षात विलेपाने व्यापलेला असे, हे त्याचे एक प्रमुख कारण होते. म्हणजे दोष मोजपट्टीत नसून तुलनेसाठी निवडलेल्या मूळ मापात होता.

छेदाच्या पद्धतीतही हाच दोष उलट दिशेने दडलेला होता. शिकागो विद्यापीठातील सिमोर ग्लॅगॉव्ह व सहकाऱ्यांनी १३६ हृदयांतील डाव्या मुख्य हृद्‌रोहिणीचे छेद मोजून १९८७ मध्ये असे दाखविले की, विलेप वाढत असता रोहिणी स्वतः बाहेरच्या बाजूस रुंदावते. विलेपाने पटलाच्या आतील सु. ४०% जागा व्यापेपर्यंत पोकळी कमी होत नाही. त्यानंतर मात्र ती घटू लागते. यावरून पटलाने वेढलेले क्षेत्रफळ म्हणजे मूळची पोकळी, हे जुने गृहीत टिकत नाही. वर दिलेल्या उदाहरणातील रोहिणी मुळात ७ चौ. मिमी.ची असून विकारामुळे १० चौ. मिमी.पर्यंत रुंदावली असेल, तर तिची पोकळी ७ वरून ४ झाली, म्हणजे खरी घट सु. ४३% आहे, छेदावरून मात्र ६०% येते. एवढा मूलभूत निष्कर्ष रोहिणीच्या छेदांचे काटेकोर क्षेत्रमापन केल्यामुळेच हाती आला, नजरेच्या अंदाजाने तो कधीच लक्षात आला नसता.

निष्कर्षांचा अर्थ : क्षेत्रफळात ७५% किंवा अधिक घट हा गंभीर संकोच, असा संकेत विकृतिविज्ञानात रूढ आहे. लान्स गूल्ड यांच्या १९७४ मधील कुत्र्यांवरील प्रयोगांत व्यास सु. निम्मा झाल्यावर श्रमाच्या वेळचा कमाल रक्तप्रवाह घटू लागला. विश्रांतीतील प्रवाह मात्र व्यास सु. ८५% घटेपर्यंत टिकून राहिला. या संकेताला त्यामुळे शरीरक्रियावैज्ञानिक आधार मिळाला. तथापि संकोच हेच मृत्यूचे एकमेव कारण मानता येत नाही. ज्या सेंट जॉर्ज रुग्णालयात हंटर यांचा अंत झाला, त्याच संस्थेच्या वैद्यक महाविद्यालयातील मायकेल डेव्हिस व अँथनी टॉमस यांनी १९८४ मध्ये आकस्मिक हृद्‌मृत्यूची १०० प्रकरणे प्रसिद्ध केली. त्यांपैकी ७४ व्यक्तींच्या हृद्‌रोहिणीत रक्ताची गाठ आढळली आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांत विलेपाला भेग पडलेली होती. फाटणारा विलेप नेहमी सर्वांत अरुंद जागीच असतो असे नाही. उलट, तीव्र संकोच असूनही अन्य कारणाने मृत्यू येऊ शकतो. यास्तव टक्केवारीबरोबरच विलेपाची घडण, गाठ, हृद्‌स्नायूची अवस्था आणि मृत्यूची परिस्थिती यांचा एकत्रित विचार करावा लागतो.

१९९० नंतर रोहिणीच्या आतून केल्या जाणाऱ्या श्राव्यातीत ध्वनिचित्रणाने जिवंत रुग्णातही भित्ती व विलेप पाहता येऊ लागले आणि रोहिणीच्या रुंदावण्याची प्रचिती तेथेही आली. संपूर्ण छेदाचे अंकीय चित्र साठविण्याची सोयही झाली आहे. साधने बदलली, तरी शवपरीक्षेच्या अहवालात संकोचाचा आकडा देताना तो व्यासाचा की क्षेत्रफळाचा, कोणत्या सीमेच्या मानाने काढलेला आणि रोहिणी मिटलेली असता की ताणलेली असता मोजलेला, हे सांगितल्याखेरीज त्या आकड्याला अर्थ प्राप्त होत नाही.