विद्यार्थ्यांनी स्थापिलेली संस्था

संस्थेचे वय दोन तऱ्हांनी मोजता येते. स्थापनेपासून किती वर्षे लोटली, ही एक रीत. सभेला बसणाऱ्या सभासदांची वये किती, ही दुसरी. ‘संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी’ म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर पिकल्या केसांची मंडळी उभी राहतात. ही संस्था मुळात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी स्थापन केली, हे मात्र थोड्यांच्याच ध्यानात असते.

१८३२ साली पॅरिसमध्ये पटकीची मोठी साथ आली आणि हजारो माणसे दगावली. सर्वाधिक झळ गरीब वस्त्यांना पोहोचली. कायद्याचा विद्यार्थी फ्रेडरिक ओझानाम आणि त्याचे मित्र त्या सुमारास एका इतिहास-चर्चामंडळात धर्माची बाजू मांडीत असत. प्रतिपक्षाने त्यांना विचारले, ख्रिस्ती धर्माने पूर्वी थोर कार्ये केली असतील. पण आज तुम्ही काय करता? या प्रश्नाचे उत्तर भाषणाने देण्यासारखे नव्हते. २३ एप्रिल १८३३ रोजी सहा विद्यार्थी आणि चाळिशीच्या उंबरठ्यावरील वृत्तपत्रचालक इमॅन्युएल बायी असे सात जण एकत्र आले. त्या दिवशी ओझानाम वीस वर्षांचा झाला होता.

येथे वडीलधाऱ्यांनी बजावलेली भूमिका लक्षात घेण्यासारखी आहे. बायी यांनी बसायला जागा दिली आणि अध्यक्षपद स्वीकारले; काम मात्र तरुणांच्याच हाती राहिले. मुफ्तार वस्तीत तीस वर्षे सेवा करणाऱ्या सिस्टर रोझाली रान्दू यांनी त्यांना गरजू कुटुंबे दाखवून दिली आणि गरिबांशी कसे वागावे हे शिकविले. त्यांनी या मुलांना निव्वळ वर्गणी मागितली नाही, गरिबाच्या दारात उभे केले. आठवड्याला सभा आणि घरोघरी भेट, एवढाच त्यांचा कार्यक्रम होता.

लवकरच मतभेदांचा प्रसंग आला. सातांच्या मैत्रीत नवे लोक घ्यावेत की नाहीत, येथपासूनच कुरबुर होती. पुढे दीड वर्षात सभासदसंख्या शंभरावर गेली, तेव्हा मंडळाची विभागणी करावी असे ओझानामने सुचविले. जुने सोबती दुरावतील, या भीतीने अनेकांनी कडाडून विरोध केला. १८३४ च्या डिसेंबरातील सभा वादळी झाल्या. अखेर १८३५ च्या आरंभी विभागणी झाली आणि त्याच वर्षी संस्थेची नियमावलीही सिद्ध झाली. आपला स्नेह जपण्यासाठी दार लावून घ्यायचे, की कामासाठी ते उघडे ठेवायचे, हा तो प्रश्न होता. दार उघडे राहिले, म्हणूनच १८४४ मध्ये आयर्लंड, १८४५ मध्ये अमेरिका आणि १८६३ मध्ये आपली मुंबई येथवर हे कार्य पोहोचू शकले. ओझानाम मात्र १८५३ मध्येच, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, देवाघरी गेला.

काही दारे उघडायला विलंबही लागला. इटलीतील बोलोन्या येथे १८५६ साली स्त्रियांची स्वतंत्र सोसायटी सुरू झाली. ती मूळ संस्थेत विलीन व्हायला १९६७ साल उजाडावे लागले. शंभराहून अधिक वर्षे ज्या भगिनी तेच कार्य करीत होत्या, त्यांना एकाच छत्राखाली येण्यासाठी तीन-चार पिढ्या थांबावे लागले.

२२ ऑगस्ट १९९७ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी पॅरिसच्या नोत्र दाम महामंदिरात ओझानामला ‘धन्य’ घोषित केले. तेव्हा त्या शहरात जागतिक युवा दिनाचा मेळावा भरला होता. तरुणांच्या साक्षीने हा मान मिळावा, यात मोठे औचित्य होते.

आज धर्मग्रामातील तरुण नोकरीनिमित्त पहाटेची लोकल पकडतात आणि रात्री घरी परततात. दर आठवड्याची सभा त्यांना जमत नाही, एवढ्यावरून त्यांच्यात सेवाभाव उरला नाही असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. सभेची वेळ आणि रीत बदलता येते. गरिबाच्या घरी स्वतः जाण्याचा नेम तेवढा सुटता कामा नये. बायी आणि रोझाली यांनी तरुणांवर विश्वास टाकला, म्हणून ही संस्था जन्मली. आपल्या मंडळांतील ज्येष्ठांनी तरुणांसाठी केवळ मागच्या रांगेतील खुर्ची राखून ठेवू नये. एखादे कुटुंब, एखादी जबाबदारी त्यांच्या हाती सोपवावी. काम मिळाले की माणूस टिकतो, आणि माणसे टिकली की संस्था.