साहाय्य व अद्यतन संकेतस्थळ (अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात)

एखादे सॉफ्टवेअर कसे चालवावे हे सांगणारे, त्याची नवी आवृत्ती मिळवून देणारे आणि कोणत्या आवृत्तीत काय बदलले याची तारीखवार नोंद ठेवणारे संकेतस्थळ. बोलीत त्याला ‘हेल्पची साइट’ किंवा नुसतेच ‘अपडेटची लिंक’ म्हणतात. कधी ते मोठ्या शासकीय संकेतस्थळाचा एक कोपरा असते, कधी चार पानांचे स्वतंत्र स्थळ. या नोंदीत साध्या, म्हणजे तयार पानांच्या स्थळाचा विचार केला आहे आणि उदाहरणे मुख्यतः महसूल व शेती या क्षेत्रांतील घेतली आहेत.

पूर्वपीठिका : जगातले पहिले संकेतस्थळ हेच मुळात साहाय्य-संकेतस्थळ होते. स्वित्झर्लंडमधील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी उभारलेले ते स्थळ ६ ऑगस्ट १९९१ रोजी सार्वजनिक चर्चेत आले. वेब म्हणजे काय, पान कसे लिहायचे, त्यासाठीचे सॉफ्टवेअर कोठून मिळवायचे, एवढेच त्यावर होते. चित्रे नव्हती, रंगही नव्हते. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांसाठी मुक्त केले. भारतात ‘विदेश संचार निगम’ने १५ ऑगस्ट १९९५ पासून सर्वसामान्यांना इंटरनेट देऊ केले. तोवर, आणि त्यानंतरही बरीच वर्षे, सॉफ्टवेअरची दुरुस्ती फ्लॉपीवर, पुढे सीडीवर आणि बहुधा एखाद्या माणसाच्या हातून येत असे. विंडोज ९८ बरोबर १९९८ साली ‘विंडोज अपडेट’चे संकेतस्थळ आले, तेव्हा घरबसल्या दुरुस्ती उतरवण्याची कल्पना सर्वसामान्य वापरकर्त्यापर्यंत पोहोचली.

महाराष्ट्रात त्याच वर्षी वारणा सहकारी समूहाच्या परिसरात, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सत्तर गावांसाठी, ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. उसाच्या वजनाची व पैशाची माहिती गावातच मिळावी हा त्याचा एक हेतू होता. पुढे त्यातील काही गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या लघुसंदेशाने तीच माहिती देण्याचा प्रयोग झाला. शेतकऱ्याला हवे ते चार आकडे असतात आणि ते हलक्या वाटेने पोहोचले तर अधिक उपयोगी पडतात, ही बाब तेथे प्रथम दिसली. साध्या संकेतस्थळाच्या बाजूने याहून चांगला दाखला राज्यात सापडत नाही.

रचना : असे स्थळ उभारायला पाच गोष्टी लागतात : कायमचा पत्ता, पाने ठेवण्याची जागा, मदतीचे पान, उतरवण्याचे पान आणि बदलांची नोंदवही. पाने आधीच लिहून ठेवलेली असतात. मागणी आली की सर्व्हर ती जशीच्या तशी पाठवतो, माहितीसाठा चाळत बसत नाही. त्यामुळे एकाच दिवशी हजारो लोक आले तरी भार कमी पडतो. पीक नोंदणीच्या शेवटच्या आठवड्यात तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) आणि शेतकरी एकाच वेळी साइटवर येतात तेव्हा हा फरक जाणवतो. ‘सर्व्हर डाऊन’ या तक्रारीत मूळ दोष सर्व्हरचा किती आणि गावातल्या नेटवर्कचा किती, याबाबत मतभेद आहेत. मदतीचे पान मुख्य सॉफ्टवेअरच्या सर्व्हरवर ठेवू नये, हे मात्र उघड आहे. सॉफ्टवेअर बंद पडले की त्याच क्षणी मदत लागते. दोन्ही एकाच यंत्रावर असतील तर दोन्ही एकदम जातात.

पान हलके असावे. अकोले तालुक्याच्या पश्चिमेला भंडारदरा, रतनवाडी, हरिश्चंद्रगडाचा परिसर येतो. सह्याद्रीच्या त्या खोऱ्यांत मोबाइलची रेंज डोंगरावर चढून शोधावी लागते. तेथे काही किलोबाइटचा मजकूर उघडतो, पण स्कॅन केलेली चाळीस पानांची पीडीएफ उघडत नाही. शिवाय स्कॅन म्हणजे अक्षरांचे छायाचित्र, त्यात शोध घेता येत नाही. परिपत्रकाच्या स्कॅनची लिंक देऊन मदत दिल्याचे समाधान मानण्याची रीत शासकीय स्थळांवर सर्रास आढळते. ती सोडावी.

उतरवण्याच्या दुव्याशेजारी आवृत्तीचा क्रमांक, तारीख आणि फाइलचा आकार द्यावा. आवृत्तीचा क्रमांक हा दशांश अपूर्णांक नव्हे : २.९ नंतर २.१० येते, आणि ती जुनी नसून नवी असते. यावरून होणारा घोळ नित्याचा आहे. क्रमांकाची एक छोटी मजकूर-फाइल स्थळावर ठेवली, तर सॉफ्टवेअर सुरू होताना ती वाचून ‘नवी आवृत्ती उपलब्ध आहे’ असे स्वतःच सांगू शकते. साध्या स्थळाला जमणारी ही सर्वांत उपयुक्त सोय आहे. त्या फाइलीत मात्र इंग्रजी आकडे ठेवावेत, कारण देवनागरी आकड्यांची तुलना सगळेच प्रोग्रॅम नीट करत नाहीत. माणसाने वाचायच्या पानावर देवनागरी आकडे खुशाल वापरावेत.

अक्षरांचा प्रश्न : मराठी साहाय्य-संकेतस्थळाची खरी कसोटी येथे लागते, आणि तंत्रविषयक मार्गदर्शिकांत नेमका हाच भाग गाळलेला असतो. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक १९९१ साली ठरले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तरीही कार्यालयांत दीर्घकाळ जुन्या फाँटांचे राज्य होते. त्यांत पडद्यावर मराठी दिसे, पण संगणकाच्या लेखी तो रोमन अक्षरांचा गुंता असे. अशा फाँटातले मदतपत्रक युनिकोडमध्ये न बदलता स्थळावर टाकले, तर शोधयंत्राला ते सापडत नाही आणि मोबाइलवर ते वाचताही येत नाही.

युनिकोडमध्येही अडचण आहे. ‘ॲ’ हे मराठीला लागणारे अक्षर युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, २००८ साली, स्वतंत्रपणे समाविष्ट झाले. तोवर आणि पुढेही अनेक जण ‘अ’ला चंद्र जोडून तेच काम भागवत आले. दिसायला दोन्ही सारखी, पण संगणकाला वेगळी. ‘ॲप’ असा शोध घेतला तर ‘अॅप’ असे लिहिलेले मदतीचे पान हाती लागेलच असे नाही, आणि जुन्या फोनवर ‘ॲ’च्या जागी रिकामी चौकट दिसू शकते. म्हणजे ज्या वस्तूसाठी मदत मागायची, तिचे नावच दोन तऱ्हांनी लिहिले जाते. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातल्या अर्ध्या र-चेही तसेच : तो नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त जोडून लिहिता येतो, तसाच साध्या ‘र’ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊनही लिहिता येतो. यावर उपाय सोपा आहे. लेखनाची एक पद्धत ठरवून सर्व पाने त्याच पद्धतीने लिहावीत आणि शोधाच्या सोयीत दोन्ही रूपे एकच मानावीत. स्थळ उभारणाऱ्याने हे काम पहिल्याच दिवशी करावे. पाने शेकड्यांनी वाढल्यावर ते होत नाही.

‘.भारत’ हे देवनागरी क्षेत्रनाम २०१४ पासून मराठीसाठीही उपलब्ध आहे.

शब्दांची निवडही मदतीचाच भाग आहे. ‘अनुस्थापित करा’ यापेक्षा ‘इन्स्टॉल करा’ लवकर कळते, पण ‘फेरफार’, ‘खाते क्रमांक’, ‘गट क्रमांक’, ‘चावडी वाचन’ या शब्दांना इंग्रजी पर्याय देण्याची गरज नाही. तेच शेतकऱ्याच्या तोंडी आहेत.

जिल्ह्यातील उपयोग : (१) महसूल. जिल्ह्यात अकोल्यापासून जामखेडपर्यंत चौदा तालुके आहेत. क्षेत्रफळाने (१७,०४८ चौ. किमी.) हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. गाव नमुना सात-बारा, आठ-अ आणि फेरफार यांचे संगणकीकरण राज्यभर ‘ई-फेरफार’ या आज्ञावलीतून झाले. ती राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या पुणे शाखेने तयार केली असून काम जमाबंदी आयुक्त कार्यालयामार्फत चालते. डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा १ मे २०१८ पासून मिळू लागला. त्याचे शुल्क प्रत्येक उताऱ्यास १५ रुपये आहे.

साहाय्य व अद्यतनाचा सर्वांत मोठा अनुभव ‘ई-पीक पाहणी’ने दिला. टाटा ट्रस्टच्या तांत्रिक सहकार्याने बनलेले हे मोबाइल ॲप १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झाले. नमुना बारामधील पिकाची नोंद आता शेतकऱ्याने स्वतः, बांधावर उभे राहून, छायाचित्रासह करायची होती. म्हणजे सॉफ्टवेअरचा वापरकर्ता एका रात्रीत बदलला : प्रशिक्षण घेतलेल्या तलाठ्याच्या जागी लाखो खातेदार आले. दुसरी आवृत्ती १ ऑगस्ट २०२२ पासून आली. तिच्यात केलेली नोंद ४८ तासांत दुरुस्त करण्याची मुभा होती. छायाचित्र गटापासून दूर घेतले तर ॲप तसे सांगत असे. मिश्र पिकात मुख्य पिकासोबत तीन दुय्यम पिके नोंदवता येत, आणि तलाठ्याने दहा टक्के नोंदींची पडताळणी करायची होती. याच आवृत्तीत ‘मदत’ हे बटण आले, आणि त्यामागे वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे होती. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने दुसऱ्या आवृत्तीतील हा सर्वांत महत्त्वाचा बदल होय, जरी वृत्तपत्रांनी दुरुस्तीच्या मुभेला अधिक जागा दिली. २०२४ मध्ये केंद्राच्या डिजिटल पीक सर्वेक्षणाशी जोडलेली ‘डीसीएस’ आवृत्ती आली. हंगामाच्या सुरुवातीला नवी आवृत्ती घेणे हे आता पेरणीइतकेच ठरलेले काम झाले आहे.

ॲप लागू झाले तेव्हाचे महसूलमंत्री बाळासाहेब थोरात संगमनेरचे आणि त्यांच्यानंतरचे राधाकृष्ण विखे पाटील लोणीचे, असे दोघेही याच जिल्ह्यातले.

(२) शेती. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाने (स्थापना १९६८) ‘फुले जल’ आणि ‘फुले इरिगेशन शेड्युलर’ ही पाणी-व्यवस्थापनाची साधने तयार केली. हवामान, पीक, जमीन आणि सिंचनाची पद्धत यांवरून पिकाला पाणी केव्हा व किती द्यावे हे ती सांगतात. अशा साधनात अद्यतनाचे महत्त्व निराळे असते. पीक-गुणांक सुधारला की त्याच शेतासाठी जुन्या व नव्या आवृत्तीचे उत्तर वेगळे येते. म्हणून बदलांच्या नोंदवहीत ‘किरकोळ सुधारणा’ असे लिहून भागत नाही. कोणत्या पिकाचा कोणता आकडा बदलला हे लिहावेच लागते. जिरायत टापूत, पारनेर-पाथर्डीकडे, एका पाळीचा हिशेब चुकला तर हंगाम जातो.

(३) शिक्षण. शाळांसाठी ‘सरल’ ही राज्यस्तरीय प्रणाली २०१५ पासून आहे.

सुरक्षितता : अँड्रॉइड ॲपवर बनवणाऱ्याची डिजिटल स्वाक्षरी असते. स्वाक्षरी जुळली नाही तर फोन त्या फाइलला आधीच्या ॲपचे अद्यतन म्हणून स्वीकारत नाही. हे संरक्षण चांगले आहे, पण ‘जुने काढून नवे टाका’ अशी सूचना पाळली की ते गळून पडते, आणि फसवणारे नेमकी हीच सूचना देतात. ‘पीएम किसान’च्या नावाने व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या बनावट एपीके फाइलींतून शेतकऱ्यांची बँक खाती रिकामी झाल्याच्या घटना घडल्या आहेत. म्हणून संकेतस्थळाने फाइल स्वतः वाटण्याऐवजी प्ले स्टोअरचा दुवा द्यावा, आणि जुने ॲप काढणे खरोखरच आवश्यक असेल तर ते तारीख व आवृत्ती-क्रमांकासह आपल्या पानावर लिहावे. गावातल्या ग्रुपवर आलेला निरोप पडताळण्यासाठी शेतकऱ्याला तेच एक ठिकाण असते. संगणकावरील सॉफ्टवेअरसाठी फाइलची ठसा-बेरीज (एसएचए-२५६) दुव्याखाली द्यावी. सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’कडून २०१५ च्या अखेरीपासून विनामूल्य मिळते, त्यामुळे ते नसण्याला आता सबब उरलेली नाही.

खर्च : क्षेत्रनामाचे वार्षिक शुल्क. तयार पाने ठेवण्याची जागा बहुधा विनामूल्य मिळते.

पत्ता व नामांतर : साहाय्य-संकेतस्थळाचा पत्ता बदलू नये, आणि बदललाच तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप नेण्याची सोय वर्षानुवर्षे टिकवावी. छापील पत्रकांवर, चावडीतल्या फलकांवर, फोनमध्ये साठवलेल्या संदेशांत जुना पत्ता राहतोच. जिल्ह्याच्या नामांतराने हा प्रश्न प्रत्यक्षात आणला. ३१ मे २०२३ रोजी जामखेड तालुक्यातील चौंडी येथे, अहिल्यादेवी होळकर यांच्या जन्मगावी, ‘अहिल्यानगर’ या नव्या नावाची घोषणा झाली. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नाव अधिकृत झाले. प्रत्येक सॉफ्टवेअरमधील जिल्ह्यांच्या यादीला एक अद्यतन लागले. ज्या प्रणालींनी जिल्हा त्याच्या नावाने ओळखला त्यांना जुन्या नोंदी चाळाव्या लागतात. ज्यांनी सांकेतांकाने ओळखला त्यांना फक्त पाटी बदलावी लागते. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याचा सांकेतांक ५२२ आहे. सात-बाऱ्याच्या २०२० मधील सुधारित नमुन्यात गावाच्या नावासोबत पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेतील गाव-सांकेतांकही छापला जातो. जिल्ह्याचे नाव बदलले तरी तो सांकेतांक तोच राहतो.