राजमातेची दोन रूपे

प्राचीन राजकुलातील स्त्रीचे चित्र पुष्कळदा साधनाचा वाङ्मयप्रकारच ठरवतो. लिव्हियाने रदबदली करून प्लांकिनाला वाचवले, ही गोष्ट टॅसिटसच्या इतिहासात लाजिरवाणी ठरते. त्याच प्रकरणावरील इ. स. 20 च्या सिनेटच्या कोरीव ठरावात मात्र लिव्हियाचा शब्द आदराने मान्य केला जातो.

नाशिकच्या पांडवलेण्यांत असा भेद एकाच स्त्रीबाबत आढळतो. क्र. 3 च्या लेण्यातील, पुळुमावीच्या 19 व्या राज्यवर्षातील प्रशस्तीत गौतमी बलश्री सत्य, दान, क्षमा व अहिंसा यांत रमणारी, राजर्षिवधू या पदास शोभणारी आहे. लेण्याचे दान तिचे. वर्णनाचा विस्तार मात्र पुत्र गौतमीपुत्र सातकर्णीच्या पराक्रमाचा. त्याच लेण्यातील, पुत्राच्या 24 व्या वर्षाच्या लेखाची भाषा निराळी आहे. राजा आणि राजमाता, दोघांच्या वतीने गोवर्धनच्या सामक नामक अमात्यास आज्ञा जाते: पूर्वी दिलेले शेत कसले जात नाही, सबब भिक्षूंना राजाच्या मालकीच्या शेतातून 100 निवर्तने द्यावीत. ही राजमाता बलश्रीच, असे सामान्यतः मानले जाते.

राजांच्या मातृनामांवरून मातृसत्ता सिद्ध होत नाही. गादी पित्याकडून पुत्राकडेच जात होती. परंतु प्रशस्तीतील आदर्श मातेलाच संपूर्ण बलश्री समजणे हीही तितकीच मोठी चूक होय. प्रशस्ती तिचे गुण सांगते. तिचा अधिकार नोंदला जातो तो पडीक शेताविषयीच्या रूक्ष आज्ञेत. समीक्षेने अलंकृत संहितेइतकेच अशा निरलंकृत संहितेलाही वाचनाचे मोल दिले पाहिजे.