व्यसन सोडवणाऱ्यांची शाळा



गावात एखादा माणूस दारूच्या आहारी गेला, की त्याला उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. कोणी देवाची शपथ घालतो, कोणी पंढरपूरची माळ घालायला लावतो, कोणी चारचौघांत कानउघाडणी करतो. माझ्या एका चुलत्यांनी अशी माळ घातली होती. अकरा महिने ते पाळलं गेलं. मग एका संध्याकाळी त्यांनी माळ खुंटीला अडकवली आणि गुत्त्याची वाट धरली. आम्ही सर्वांनी त्यांना बोल लावला. त्या अकरा महिन्यांत त्यांना धड झोप नव्हती, ते कोणाशी बोलत नव्हते, हे मात्र एकाच्याही ध्यानात आलं नाही. पुढे शहरात नेलं, तर एके ठिकाणी सांगण्यात आलं, "आधी दारू सुटू द्या, मग मनाचं बघू." दुसरीकडे उत्तर मिळालं, "आधी मन ताळ्यावर आणा, मग दारूचं बघू."

हा दोन दारांचा घोळ आला कुठून? त्यासाठी थोडं मागे जायला हवं.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यात विल्मर नावाचं गाव आहे. तिथे १९१२ साली मद्यपींसाठी सरकारी रुग्णालय निघालं, आणि काही वर्षांतच त्याचं मनोरुग्णालय झालं. वेडसर आणि मद्यपी एकाच कुलपाआड राहू लागले. १९५०च्या सुमारास तिथे डॉ. नेल्सन ब्रॅडली आणि मानसशास्त्रज्ञ डॅनियल अँडरसन यांनी निराळा विचार केला. त्यांनी मद्यपींचा विभाग वेगळा काढला आणि त्याचं कुलूप उघडलं. शिवाय दारू सोडून स्थिरावलेल्या माणसांनाच समुपदेशक म्हणून हाताशी घेतलं. १९३५ साली सुरू झालेल्या 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' या मंडळींचा अनुभव त्यांच्यासमोर होता. १९५४ साली मिनेसोटाच्या सरकारी नोकरीत अशा समुपदेशकाचं पद रीतसर निर्माण झालं. ज्याला लोक वाया गेलेला म्हणत, त्याला त्याच अनुभवाच्या जोरावर पगारी काम मिळालं! वैद्य, मानसशास्त्रज्ञ, परिचारिका आणि हा अनुभवी माणूस यांचं एक पथक झालं.

परंतु एका गोष्टीतून दुसरी निघते. व्यसनाचे उपचार वेगळे झाले, तशा त्यांच्या संस्था आणि त्यांचं शिक्षणही वेगळं झालं. एकाला दारूची नस ठाऊक, पण उदासीनतेचा आजार ओळखता येईना. दुसऱ्याला आजार कळे, पण व्यसन हा त्याला स्वभावदोष वाटे. वस्तुतः कित्येकांत दोन्ही दुखणी एकाच देहात नांदतात. अशा रोग्याला कोणीच आपला म्हणेना. १९८०नंतर अमेरिकेत या प्रश्नाचा गंभीरपणे विचार सुरू झाला. न्यू हॅम्पशायर राज्यात डॉ. रॉबर्ट ड्रेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, एकाच पथकाने दोन्हींवर एकाच वेळी उपचार करावेत, ही पद्धत बसवली.

आपल्याकडे काय झालं? योगायोग असा, की १९५४ सालीच बंगळुरास अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली. १९७४ साली तिचं आणि तिथल्या मनोरुग्णालयाचं एकत्रीकरण होऊन आजची 'निम्हान्स' झाली. पुण्यात १९८६ साली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारातच डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' उघडलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीचा त्याला आधार होता. तिथेही बरे झालेले रुग्ण शिकून समुपदेशक झाले, बायकांसाठी 'सहचरी' गट निघाला आणि इतर संस्थांच्या कार्यकर्त्यांचं प्रशिक्षणही सुरू झालं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर मद्य व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांना मानसिक आजारांच्या व्याख्येतच जागा दिली. कागदावर दोन दारांचं एक दार झालं. आता त्या दारात शिकलेली माणसं उभी राहायला हवीत.

शिक्षण कशाला, असं कोणी म्हणेल. त्याला एकच दाखला देतो. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली, तर त्याला झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जिवावरही बेतू शकतं. अशा वेळी खोलीत कोंडून ठेवणं ही शिस्त नव्हे, तो धोका आहे. डॉक्टर गाठलाच पाहिजे. शपथ घालणाऱ्याला हे ठाऊक नसतं, शिकलेल्याला असतं.

गुरुजी, तुमच्या वर्गातला एखादा मुलगा डोळे चोळत येतो, गृहपाठ करीत नाही. कारण विचारलंत, तर त्याचं घर तुम्हाला कळेल. त्या घरी गेलात तर उपदेश करू नका. दोनच प्रश्न विचारा: "किती घेता?" आणि "झोप लागते का?" दोन्ही प्रश्न एकाच माणसाने, एकाच बैठकीत विचारायचे, आणि उत्तर शांतपणे ऐकून पुढचा दवाखाना दाखवायचा.

माझे चुलते आज हयात नाहीत. त्यांना पहिला प्रश्न सगळ्या गावाने विचारला होता. दुसरा कोणीच विचारला नाही, मीसुद्धा नाही.