बोटे वाकण्याआधी : पालघर–तारापूर परिसर आणि आमवाताच्या निदानाचा इतिहास

संधिवात या एका नावाखाली सांध्यांचे अनेक आजार मोडतात. त्यांपैकी ज्याला आधुनिक वैद्यक रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणते आणि मराठीत ज्याला बहुधा आमवात म्हटले जाते, त्यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या आतील अस्तरावर उलटते, अस्तर सुजते, आणि ही सूज टिकून राहिली तर शेजारची कूर्चा व हाड झिजत जाते. या आजाराचा इतिहास बहुतेक ठिकाणी औषधांच्या अनुषंगाने लिहिला जातो. पण त्याहून अधिक बोलका इतिहास तो कोणत्या टप्प्यावर ओळखला गेला याचा आहे. शेदोनशे वर्षांपूर्वी वाकडी झालेली बोटे पाहून त्याचे नाव घेतले जाई, त्यानंतर क्ष-किरण चित्रातील झिजलेले हाड पाहून, आणि आता सांधा सुजण्याच्या काही वर्षे आधी रक्तात उमटलेल्या खुणांवरून त्याचा अंदाज बांधला जातो. पालघर, बोईसर आणि तारापूर या उत्तर कोकणातील पट्ट्यात हे तिन्ही टप्पे एकमेकांच्या मागून न येता बराच काळ शेजारी शेजारी नांदले, आणि म्हणून या मोठ्या इतिहासाची कसोटी पाहण्यास हा परिसर विशेष उपयुक्त ठरतो.

भारतीय वैद्यकात या आजाराशी जुळणारे सर्वांत जुने सुस्पष्ट वर्णन माधवकराच्या निदानग्रंथात येते. साधारणपणे सातव्या–आठव्या शतकातला मानला जाणारा हा ग्रंथ आमवाताला स्वतंत्र प्रकरण देतो. अपचनातून निर्माण होणारा ‘आम’ हा दोष वाताबरोबर सांध्यांत जाऊन बसतो अशी त्याची उपपत्ती आहे, आणि हातपाय, घोटे, गुडघे येथील सूज, अंगाचा जडपणा, ज्वर, अन्नावरची वासना उडणे आणि विंचू डसल्यासारखी वेदना ही लक्षणे तो एकत्र मांडतो. ही उपपत्ती आजच्या शास्त्राला मान्य नसली, तरी सांध्याचे दुखणे हे सबंध शरीराच्या बिघाडाचा भाग आहे, केवळ सांध्याची झीज नव्हे, ही त्यातील जाण महत्त्वाची आहे. युरोपीय वैद्यकाला तिथवर पोहोचण्यास बराच काळ लागला.

शास्त्रग्रंथांपासून दूर असलेल्या माणसाला मात्र या परिसरात दुसरा आसरा होता, तो गरम पाण्याच्या कुंडांचा. कोकणातील उष्ण झऱ्यांचा सुमारे ३५० किलोमीटर लांबीचा पट्टा दक्षिणेस राजापूरपासून सुरू होऊन उत्तरेस पालघर तालुक्यातील कोकनेरपर्यंत येतो. त्याच तालुक्यात हालोली आणि सातिवली येथेही असे झरे आहेत, तर तानसा नदीकाठच्या अकलोली, गणेशपुरी आणि वज्रेश्वरी येथील कुंडे सर्वश्रुत आहेत. पावसाचे पाणी बेसॉल्ट खडकातील भेगांतून खोल उतरते, भूगर्भातील उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगांवाटे वर येते. या पट्ट्यातील झऱ्यांचे तापमान ३४ अंश सेल्सिअसपासून ७१ अंशांपर्यंत आढळते. १७३९ साली चिमाजी अप्पांनी तारापूर, पालघरजवळचे माहीम आणि पुढे वसई पोर्तुगीजांकडून घेतली, त्यानंतर वज्रेश्वरीचे देऊळ नवसपूर्तीसाठी बांधले गेले अशी परंपरा आहे, आणि देवीचे दर्शन व कुंडातील स्नान यांची सांगड घालून सांधेदुखीचे व त्वचारोगाचे लोक तेथे येत राहिले.

उष्ण पाण्याने स्नायू सैल पडतात, सांध्याची हालचाल काही वेळ सुकर होते आणि वेदना कमी होते, त्यामुळे या स्नानाची कीर्ती निराधार नव्हती. परंतु हाडाची झीज त्याने थांबत नाही. शिवाय कुंडावर येणाऱ्या गर्दीत म्हातारपणी गुडघे झिजलेला, चिखलात दिवसभर वाकून भातलावणी केल्याने कंबर धरलेली, तापानंतर सांधे दुखू लागलेला आणि खरोखरीचा आमवात झालेला, हे सारे एकाच ‘वाता’चे रोगी ठरत. आमवाताचे दुखणे अधूनमधून आपोआप ओसरते, म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत आलेला उतार स्नानाच्या किंवा नवसाच्या खाती जमा होई, आणि आजार पुन्हा उसळून बोटे वाकू लागली की मगच तो वेगळा आहे हे ध्यानात येई. ज्याचे वेगळेपण शेवटीच कळते, त्याच्या पुढच्या वाटचालीचे भाकीत करता येत नाही.

युरोपातही स्थिती फारशी निराळी नव्हती. पॅरिसच्या ओगुस्तँ लांद्रे-बोव्हे याने १८०० साली गाउटपेक्षा भिन्न अशा सांधेविकाराचे वर्णन केले आणि आल्फ्रेड गॅरॉड या इंग्रज वैद्याने १८५९ साली त्याला आजचे नाव दिले; पण दोघांसमोरचे रुग्ण दीर्घकाळ आजारी असलेलेच होते. १८६४ साली मुंबई आणि सुरत यांना जोडणारी रेल्वे पालघर–बोईसरवरून धावू लागली, आणि तेव्हा माहीम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तालुक्यातील रोग्याला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाची, पुढे १९२६ पासून परळच्या के. ई. एम. रुग्णालयाची वाट खुली झाली. मात्र रोजंदारी बुडवून दिवसभराचा प्रवास करायचा तो दुखणे असह्य झाल्यावरच, त्यामुळे मोठ्या शहरातल्या डॉक्टरच्या नजरेलाही हा आजार बहुधा पिकलेल्या अवस्थेतच पडत असे.

आजार रक्तात शोधण्याची सुरुवात १९४० साली झाली. नॉर्वेच्या एरिक वालर याला असे आढळले की, सशाच्या प्रतिद्रव्यांचा लेप दिलेल्या मेंढीच्या रक्तपेशी आमवाताच्या रुग्णाच्या रक्तद्रवात एकत्र गोळा होतात; १९४८ मध्ये अमेरिकेत हॅरी रोझ आणि त्याचे सहकारी स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला आले. या परिणामामागील प्रतिद्रव्याला रुमॅटॉइड फॅक्टर म्हणतात. प्रयोगशाळेच्या कागदावर ‘आर. ए. फॅक्टर’ म्हणून छापली जाणारी चाचणी ती हीच. तथापि या चाचणीचा अर्थ प्रदेशागणिक बदलतो. कुष्ठरोग, क्षय आणि इतर दीर्घकालीन जंतुसंसर्गांतही हा घटक रक्तात सापडतो, आणि निरोगी वृद्धांतही तो कधी कधी आढळतो. उलट आमवाताच्या पहिल्या महिन्यांत तो अनेक रुग्णांत नसतोच. कुष्ठरोग आणि क्षय ज्या भागात पूर्णपणे हटलेले नाहीत अशा पालघरसारख्या जिल्ह्यात केवळ या एका चाचणीवरून आमवाताचा शिक्का मारणे किंवा तो पुसणे, दोन्ही धोक्याचे ठरते. वारली, कातकरी, कोकणा आदी आदिवासी समाजांत आढळणारा सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकारही हाडे आणि सांधे तीव्र दुखवतो, आणि नवख्या नजरेला वाताचाच भास होतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या परिसराचे रूप पालटले. १९६९ साली तारापूर येथे देशातील पहिले अणुविद्युत केंद्र सुरू झाले, सत्तरच्या दशकात बोईसरलगत औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि तेथील रसायनांच्या व मूळ औषधद्रव्यांच्या कारखान्यांमुळे तारापूरचे नाव औषधनिर्मितीच्या नकाशावर आले. त्याच काळात जगभर आमवाताच्या उपचाराची दिशा बदलत होती. १९४८ मध्ये फिलिप हेंच याने वापरलेल्या कॉर्टिसोनने रुग्ण काही दिवसांत चालू लागले, परंतु त्याचे दुष्परिणाम लवकरच उमगले. अधिक टिकाऊ ठरले ते मेथोट्रेक्सेट, ज्याच्या जन्मामागे भीमावरम येथे जन्मलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेतील काम होते. कर्करोगासाठी घडवलेल्या या औषधाच्या भावंडाचा, ॲमिनॉप्टेरिनचा, प्रयोग १९५१ साली आमवातावर झाला. १९८० च्या दशकातील चाचण्यांनी मेथोट्रेक्सेटची अल्प मात्रा उपयुक्त असल्याचे दाखवले आणि १९८८ साली अमेरिकेत त्यास या आजारासाठी मान्यता मिळाली. आठवड्यातून एकदाच घ्यायचे हे औषध चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते, म्हणून ते देखरेखीखालीच घ्यावे लागते.

या औषधामुळे काळाचे गणितच बदलले. तोवर आधी वेदनाशामके, मग सोन्याची इंजेक्शने किंवा क्लोरोक्विन, आणि सर्वांत शेवटी जहाल औषधे अशी पायरीपायरीने चढण्याची रीत होती; परंतु सांध्यांची कायमची हानी बहुधा पहिल्या दोन वर्षांतच सुरू होते हे स्पष्ट झाल्यावर ती उलटी करण्यात आली. उपचार लवकर द्यायचा, तर निदान लवकर हवे, आणि येथे जुने निकष अपुरे पडले. १९८७ च्या अमेरिकी निकषांत सातपैकी चार लक्षणे असणे आवश्यक होते, पण त्यांत त्वचेखालच्या गाठी आणि क्ष-किरणात दिसणारी झीज अशा उशिरा प्रकटणाऱ्या गोष्टी होत्या. नेदरलँड्समधील लायडन येथे १९९३ पासून चाललेल्या नवसंधिवात केंद्रात कोणत्याही नावात न बसणारी सूज घेऊन येणाऱ्या रुग्णांचा मागोवा घेतला गेला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ५७० रुग्णांपैकी वर्षभरात १७७ जणांना आमवात झाल्याचे दिसले, आणि वय, लिंग, सांध्यांची जागा व संख्या, सकाळचा ताठरपणा, रक्तातील खुणा अशा नऊ बाबींना गुण देऊन पुढील शक्यता वर्तवणारी पद्धत मांडली गेली.

रक्तातील खुणांतही भर पडली होती. शरीरातील काही प्रथिनांमधील आर्जिनिन या घटकाचे सिट्रुलिनमध्ये रूपांतर होते. अशा बदललेल्या प्रथिनांविरुद्धची प्रतिद्रव्ये आमवातात निर्माण होतात, हे १९९८ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी दाखवले. यावर आधारलेली ‘अँटी-सीसीपी’ चाचणी जुन्या चाचणीपेक्षा पुष्कळ अधिक नेमकी ठरली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ॲमस्टरडॅममधील एका संशोधनात, पुढे आमवात झालेल्या ७९ रक्तदात्यांचे जुने रक्तनमुने तपासले असता, जवळपास निम्म्यांत यांपैकी एखादे प्रतिद्रव्य लक्षणांपूर्वीच सापडले आणि ते साधारणपणे साडेचार वर्षे आधीचे होते. २०१० च्या नव्या निकषांनी गाठी आणि झीज वगळून सांधे, प्रतिद्रव्ये, दाहाच्या चाचण्या आणि सहा आठवड्यांचा कालावधी यांना मिळून दहांपैकी गुण दिले. सहा वा अधिक गुण आमवाताच्या बाजूने मोजले जातात. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत आजार पूर्ण उमटण्यापूर्वीच ॲबाटासेप्ट हे औषध देऊन पाहण्यात आले. औषध चालू असेतो आजार लांबला, पण ते थांबवल्यावर हा फरक कमी होत गेला.

हा सारा इतिहास प्रयोगशाळांचा वाटेल, पण महाराष्ट्राने त्यात टाकलेली भर वेगळ्या जातीची आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी १९८१ साली ‘कॉपकॉर्ड’ हा समाजाधारित कार्यक्रम आखला होता. त्यानुसार पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून पुणे जिल्ह्यातील भिगवण गावात घरोघर पाहणी केली. प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते सोपी प्रश्नावली घेऊन दारात जात, दुखणारी जागा मानवी आकृतीवर दाखवून घेत, आणि ज्यांना त्रास आहे त्यांचीच नंतर डॉक्टर तपासणी करत. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे १८.२ टक्क्यांना, सांधे वा स्नायूंच्या तक्रारी होत्या. त्यांत आमवाताचे प्रमाण प्रौढांमागे सुमारे अर्धा टक्का, म्हणजे दोनशे माणसांत एक, असे निघाले. दिल्लीजवळील ग्रामीण पाहणीत १९९३ साली हे प्रमाण पाऊण टक्का आढळले होते. पाश्चात्त्य देशांचा हा आजार खेड्यात विरळा असतो, हा समज या आकड्यांनी मोडीत काढला.

२०११ च्या जनगणनेनुसार आजच्या पालघर जिल्ह्याच्या हद्दीत सुमारे तीस लाख लोक राहत होते. भिगवणचे प्रमाण लावल्यास येथील रुग्णांची संख्या काही हजारांत जाते, आणि आमवात स्त्रियांत पुरुषांच्या दुपटीतिपटीने आढळत असल्याने त्यांतील बहुसंख्य स्त्रिया ठरतात. लावणी करणारी, सातपाटीच्या बंदरावर मासळी निवडणारी किंवा औद्योगिक वसाहतीत पॅकिंगच्या कामावर उभी राहणारी स्त्री मनगट दुखले तर ते कामाचेच दुखणे समजते. हे दोन प्रकार वेगळे काढण्यासाठी यंत्र लागत नाही : श्रमाचे दुखणे संध्याकाळी वाढते आणि विश्रांतीने उतरते, तर आमवातात पहाटे बोटे आखडलेली असतात, मूठ वळत नाही, आणि तासभर हालचाल केल्यावर ती सुटू लागतात. हस्तांदोलनात दाबावेत तसे बोटांच्या मुळाशी असलेले सांधे आडवे दाबले असता कळ येणे, जवळच्या नात्यात हा आजार असणे आणि त्रास वर्षाच्या आतला असणे, या खुणांनाही युरोपीय तज्ज्ञांनी पूर्वसूचनेच्या यादीत स्थान दिले आहे.

याच्या जोडीला स्थानिक प्रश्न येतात. चिकनगुनिया २००६ साली महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर पसरला, आणि त्यानंतर सांध्यांची सूज काही रुग्णांत महिनोन्‌महिने टिकते, म्हणून आधी ताप आला होता का हे विचारावे लागते. धूम्रपान आणि सिलिकायुक्त दगडाची धूळ यांनी आमवाताचा धोका वाढतो हे सिद्ध असल्यामुळे खाणीत वा क्रशरवर काम केले आहे का, हेही. सूज दिसल्यापासून सहा आठवड्यांत तज्ज्ञाकडे आणि तीन महिन्यांत योग्य औषधाकडे पोहोचावे ही आजची आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. पालघर १ ऑगस्ट २०१४ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला आणि त्याआधी वर्षभर उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत पोहोचली होती, तरी जव्हार–मोखाड्याच्या डोंगराळ भागातून तज्ज्ञापर्यंतचे अंतर अजून मोठेच आहे.

आमवाताचा इतिहास निदान मागे मागे नेण्याचा आहे हे खरे, परंतु प्रतिद्रव्याची चाचणी कोणाची करावी हे कुणीतरी आधी ठरवावे लागते, आणि ते ठरवण्याचे काम भिगवणमध्ये दारात आलेल्या प्रश्नांनी केले. पालघरसारख्या जिल्ह्यात गावपाड्यांवर जाणाऱ्या आशा कार्यकर्त्या क्षय, कुष्ठरोग आणि ताप यांविषयी असे प्रश्न विचारतच आहेत. सकाळच्या ताठरपणाचा आणि न वळणाऱ्या मुठीचा प्रश्न त्यांच्या यादीत जोडला गेला, तर लायडन व ॲमस्टरडॅमच्या ज्ञानाचा उपयोग येथील माणसाला वेळेत होईल, नाहीतर तो बोटे वाकल्यानंतरच होत राहील.