पिस्तुलाचा माग

आपल्या ठाण्याच्या तुरुंगात १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे हे तिघे फाशी गेले. आपण त्यांना हुतात्मे मानतो. सरकारच्या लेखी ते नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचे मारेकरी होते. गोळी झाडणारा हात एकच. परंतु पोलिसांनी पिस्तुलाचा माग थेट लंडनपर्यंत काढला व नाशिक कटाचा खटला उभा राहिला.

४ जून २००८ रोजी येथील गडकरी रंगायतनात स्फोट झाला. काळ निराळा, हेतू निराळा. पण दहशतवादविरोधी पथकापुढचा प्रश्न जुनाच होता: हातामागे कोण? २०११ साली न्यायालयाने सहापैकी दोघांस दोषी ठरविले, चौघांस सोडले. माग काढणे पोलिसांचे काम. तो पुराव्याने सिद्ध झाला की नाही, हे मात्र न्यायालयच ठरविते.