घोरण्यामागचा अडलेला श्वास आणि रात्रीची यंत्रसोबत

घोरणारा माणूस गाढ झोपलेला असतो, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. अशा माणसाला कुंभकर्णाची उपमा मिळते आणि त्याच्या घोरण्यावरचे विनोद लग्नघरापासून रेल्वेच्या डब्यापर्यंत कोठेही रंगतात. मात्र त्याच्या शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीने कधीतरी एक वेगळीच गोष्ट अनुभवलेली असते. चढत्या लयीत चाललेले घोरणे एकाएकी थांबते. काही सेकंद खोलीत पूर्ण शांतता असते. छाती आणि पोट हलत असतात, पण नाकातोंडातून हवा जात नाही. मग घुसमटल्यासारखा मोठा आवाज होतो, अंग दचकते आणि घोरणे पुन्हा सुरू होते. 'स्लीप अ‍ॅप्निया' या विकाराची खूण त्या आवाजापेक्षा मधल्या शांततेत अधिक असते.

जागेपणी घशातील स्नायू ताठ राहून श्वासमार्ग उघडा ठेवतात. झोपेत ते सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि मऊ टाळू व पडजीभ खाली झुकतात. वाट अरुंद झाली की हवेच्या झोताने हे भाग थरथरतात व घोरणे ऐकू येते. वाट पूर्णपणे मिटली की श्वास अडतो. असा अडथळा किमान १० सेकंद टिकला तर त्यास अ‍ॅप्निया म्हणतात. श्वास पूर्ण न थांबता बराच उणावला तर तो हायपॉप्निया. रक्तातील प्राणवायू घटू लागताच मेंदू धोक्याची सूचना घेतो, क्षणभर जाग आणतो, स्नायू ताठ होतात आणि वाट मोकळी होते. ही जाग इतकी अल्प असते की सकाळी तिची आठवण राहत नाही. तासाभरात असे किती प्रसंग घडतात त्यावरून विकाराची तीव्रता ठरते. तासाला ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र. तीव्र विकाराचा रुग्ण रात्रभरात दोनशेहून अधिक वेळा जागा होतो आणि तरीही आठ तास झोप झाल्याचे प्रामाणिकपणे सांगतो.

या विकाराचा दुसरा एक प्रकार आहे. त्यात घसा मोकळा असतो, पण श्वास घेण्याचा आदेशच मेंदूकडून येत नाही. त्याची कारणे आणि उपचार निराळे आहेत. येथे विचार करावयाचा आहे तो अधिक आढळणाऱ्या, अडथळ्याच्या प्रकाराचा.

दिवसाची लक्षणे फसवी असतात. सकाळी डोके जड असते, तोंड कोरडे पडलेले असते, रात्री दोनतीनदा लघवीला उठावे लागते, वर्तमानपत्र वाचताना डोळे मिटतात, स्वभाव चिडका होतो आणि विसरभोळेपणा वाढतो. यांपैकी प्रत्येक तक्रारीला वय, कामाचा ताण किंवा मधुमेह असे एखादे सोयीचे कारण सापडते. दोनतीन औषधे घेऊनही न आटोपणारा रक्तदाब हे आणखी एक लक्षण. स्त्रियांमध्ये घोरण्याऐवजी थकवा, निद्रानाश आणि उदासी यांच्या रूपाने विकार प्रकट होतो. त्यामुळे त्यांचे निदान अधिक लांबते. रजोनिवृत्तीनंतर त्यांच्यातील प्रमाणही वाढते.

हा पाश्चात्त्यांचा किंवा केवळ स्थूल माणसांचा आजार असल्याचे बराच काळ मानले गेले. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथील १९९३ च्या पाहणीत ३० ते ६० वयोगटातील ४ टक्के पुरुष व २ टक्के स्त्रियांमध्ये दिवसाच्या झोपाळूपणासह हा विकार आढळला होता. त्यानंतर मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी शहरी मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास केला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १९.५ टक्के पुरुषांचा श्वास झोपेत अडत असल्याचे आढळले. दिवसा झोपाळूपणाही असलेले त्यांतील पुरुष ७.५ टक्के होते. वाढलेले वजन आणि जाड मान हे धोक्याचे घटक खरेच, परंतु जबडा लहान किंवा मागे असणाऱ्या सडपातळ माणसालाही हा विकार होतो. ज्येष्ठ संगीतकार बप्पी लाहिरी यांचे फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत निधन झाले, तेव्हा त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी या विकाराचे नाव घेतले आणि अनेक घरांत ते प्रथमच उच्चारले गेले.

निदानासाठी रात्रभराची निद्राचाचणी करावी लागते. डोके, छाती, पाय व बोट यांना तारा जोडून मेंदूच्या लहरी, श्वास, प्राणवायू आणि हृदयाचे ठोके नोंदविले जातात. एवढ्या तारा लावून झोप कशी लागणार, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. बहुतेकांना निदानापुरती झोप लागतेच. निवडक रुग्णांमध्ये छोटे उपकरण घरी नेऊनही चाचणी करता येते.

हवेचा आधार

१९८० पर्यंत तीव्र रुग्णांसाठी खात्रीचा उपाय एकच होता. गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी बसविणे. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी रुग्णाच्या नाकावाटे किंचित दाबाने हवा सोडून पाहिली. पाच रुग्णांवरील हे निष्कर्ष १९८१ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सतत धन दाबाने हवा देणारे हे यंत्र आज 'सीपॅप' या नावाने ओळखले जाते. हवेने फुगलेला फुगा जसा आपोआप मिटत नाही, तसा या दाबामुळे घसा मिटत नाही. हा दाब पाण्याच्या ४ ते २० सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाइतका असतो. काही यंत्रे ठरावीक दाब देतात, तर काही रात्रीच्या गरजेनुसार तो कमीजास्त करतात.

एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा. हे यंत्र प्राणवायू देत नाही आणि ते व्हेंटिलेटरही नाही. ते खोलीतीलच हवा गाळून आत सोडते. कोविडच्या साथीनंतर नाकावर मास्क आणि उशाशी यंत्र हे दृश्य पाहून नातेवाईक धास्तावतात, भेटीला येणारे आवाज खाली करून बोलतात आणि रुग्णालाही आपण अत्यवस्थ असल्यासारखे वाटू लागते. प्रत्यक्षात तो सकाळी उठून कामावर जाणार असतो.

पहिला महिना

उपचाराचे यशापयश बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच ठरते. काहींना पहिल्याच सकाळी डोके हलके वाटते. मात्र अनेकांचा पहिला अनुभव याउलट असतो. तोंडावर वाऱ्याचा झोत, पट्ट्यांचा काच, कूस बदलताना आडवी येणारी नळी यांनी उरलीसुरली झोपही उडते. तिसऱ्या-चौथ्या रात्री यंत्र बाजूला पडते आणि महिन्याभरात ते माळ्यावर जाते. हजारो रुपये खर्चून घेतलेल्या वस्तूची ही गत रुग्णाच्या हट्टीपणामुळे होते, असे मानण्याचे कारण नाही. बहुतेक वेळा दोष मास्कच्या निवडीत किंवा न मिळालेल्या मार्गदर्शनात असतो.

मास्क नाकावर बसणारा, नाकपुड्यांशी टेकणारा किंवा नाक व तोंड दोन्ही झाकणारा असा असतो. त्याचे माप बसून घेणे पुरेसे नाही. माणूस आडवा झाला आणि हवेचा दाब सुरू झाला की चेहऱ्याची ठेवण बदलते. म्हणून झोपून, यंत्र चालू ठेवून पट्ट्या जुळवाव्या लागतात. हवा निसटू लागली की पट्टी आवळण्याची ऊर्मी येते. त्यामुळे मास्कची कड दुमडते, गळती वाढते आणि नाकाच्या दांडीवर जखम होते. पट्टी सैल करून मास्क अलगद पुढे ओढून पुन्हा बसविला तर तो हवेने फुगून नीट टेकतो. भरघोस मिशा असणाऱ्यांना कडेने गळती होते. मिशीवर पाणी सोडायचे नसेल तर नाकपुड्यांशी टेकणारा मास्क वापरून पाहता येतो. रात्री केसांना व चेहऱ्याला तेल लावण्याची सवयही आड येते, कारण तेलाने सिलिकॉन निसटते आणि लवकर खराब होते.

कोंडल्यासारखे वाटणे ही दुसरी मोठी अडचण. अशा रुग्णाने थेट रात्रीची परीक्षा देऊ नये. दिवसा जागेपणी, दूरचित्रवाणी पाहताना आधी नुसता मास्क, मग यंत्रासह मास्क असा पंधरावीस मिनिटांचा सराव करावा. दाब कमीपासून हळूहळू चढविण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते. तोंड कोरडे पडत असेल तर झोपेत तोंड उघडे राहत असण्याची शक्यता असते. मग तोंड झाकणारा मास्क किंवा हनुवटीचा पट्टा लागतो. त्याआधी नाक मोकळे आहे की नाही, हे पाहणे आवश्यक. धुळीने, ॲलर्जीने चोंदलेल्या नाकावर कोणताही मास्क चालणार नाही. पोटात हवा भरून फुगारा येत असेल तर ते डॉक्टरांना सांगावे. अशा वेळी दाबाची फेरतपासणी करता येते. दाब आपल्या मनाने बदलू नये.

हवेला ओलावा देणारे भांडे यंत्राला जोडलेले असते. त्यात डिस्टिल्ड वॉटर वापरण्याची शिफारस असते, कारण नळाच्या पाण्यातील क्षार तळाशी साचतात. वातानुकूलित खोलीत ही दमट हवा थंड नळीत निवते आणि मध्यरात्री तोंडावर पाण्याचे थेंब पडतात. ओलाव्याची मात्रा कमी करणे, नळीवर कापडी आवरण घालणे आणि यंत्र उशीच्या पातळीखाली ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय. मास्क रोज सौम्य साबणाने पुसावा वा धुवावा. नळी व भांडे ठरावीक दिवसांनी धुऊन सावलीत वाळवावे, कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात विशेष काळजीने. ओझोन सोडणारी स्वच्छतायंत्रे वापरू नयेत. जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने आवाज शोषणारा फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याच्या शक्यतेमुळे लक्षावधी यंत्रे परत बोलाविली होती. जुने किंवा वापरलेले यंत्र विकत घेताना त्याचे मॉडेल तपासणे म्हणूनच अगत्याचे आहे.

वीज गेली तर जीव गुदमरेल, ही भीती बोलून दाखविली जात नाही, पण असते. मास्कला हवा बाहेर जाण्याची छिद्रे असतात, आणि तोंडही झाकणाऱ्या मास्कला झडप असते. दाब बंद होताच ती उघडते. माणूस जागा होतो, मास्क काढतो इतकेच. इन्व्हर्टर किंवा योग्य बॅटरीवर यंत्र चालते. ओलाव्याचे भांडे बंद ठेवले तर ती बराच अधिक वेळ टिकते.

यंत्र चष्म्याप्रमाणे आहे, लावले तोवर उपयोग. वापर थांबविला की थोड्याच रात्रींत विकार पूर्ववत होतो. रात्री किमान चार तास, आठवड्यातील बहुतेक दिवस, हा वापराचा रूढ निकष आहे. मात्र पहाटे तीनला मास्क काढून ठेवणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. स्वप्नांची झोप उत्तररात्री अधिक असते आणि अनेकांचा श्वास त्याच झोपेत सर्वाधिक अडतो. दुपारच्या झोपेतही मास्क हवाच. वामकुक्षी या शब्दात डाव्या कुशीवर निजणे अभिप्रेत आहे, आणि उताणे झोपण्यापेक्षा कुशीवर झोपल्याने काहींचे अडथळे खरोखर घटतात, हा योगायोग गमतीचा आहे.

यंत्राकडून काय अपेक्षा ठेवावी, याबाबत स्पष्टता हवी. दिवसाची झोप, चिडचिड आणि वाहन चालवताना डोळा लागण्याचा धोका यांत सुधारणा होते. रक्तदाब काही अंशी उतरतो. हृदयविकार व पक्षाघात टळतात का, याचे उत्तर तितके सोपे नाही. आधीच हृदयविकार वा पक्षाघात झालेल्या सुमारे २,७०० रुग्णांवरील, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सेव्ह' या अभ्यासात पुढील झटक्यांचे प्रमाण यंत्राने घटले नाही. या रुग्णांचा सरासरी वापर मात्र रात्री साडेतीन तासांहून कमी होता. त्यातही झोपाळूपणा आणि मनःस्थिती यांत सुधारणा दिसली.

वजन घटविल्याने विकार सौम्य होतो, क्वचित नाहीसाही होतो. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने स्थूलता असलेल्या मध्यम व तीव्र रुग्णांसाठी टिर्झेपटाइड या इंजेक्शनला मान्यता दिली. या विकारासाठी मान्यता मिळालेले ते पहिले औषध होय. सौम्य व मध्यम विकारात खालचा जबडा पुढे धरणारे दातांचे साधन उपयोगी पडते. मुलांमध्ये वाढलेले टॉन्सिल्स व अ‍ॅडेनॉइड्स काढणे हा सहसा पहिला उपाय असतो. मद्य आणि झोपेच्या गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करतात. झोप लागत नाही म्हणून स्वतःहून गोळी घेणारा अनिदानित रुग्ण आपलाच श्वास अडवीत असतो.

कोणतीही शस्त्रक्रिया ठरली की, ती गुडघ्याची असो वा मोतीबिंदूची, भूलतज्ज्ञांना या विकाराची कल्पना द्यावी आणि स्वतःचे यंत्र व मास्क रुग्णालयात बरोबर न्यावे. विमानप्रवासात यंत्र हातातील सामानात ठेवावे आणि डॉक्टरांचे पत्र सोबत असू द्यावे.